दोन सवंगडी

शाळेच्या क्रीडांगणावर सामना अगदी रंगात आलेला असतो. शेवटच्या क्षणी कोणी एक खेळाडू विजयाचा गुण मिळवतो, शिट्टी वाजते, आणि मुले त्या वीराला खांद्यावर घेऊन नाचू लागतात. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फळ्यावर त्याचे नाव झळकते. ते योग्यच आहे. परंतु प्रतिपक्षाच्या दोघांना चुकवून ज्याने ऐन वेळी त्याच्या हाती चेंडू दिला, त्याचे नाव कोठे लिहिलेले असते? आणि दहा वर्षांपूर्वी याच मैदानावर ज्यांनी शाळेला ढाल मिळवून दिली, त्यांची नावे तरी आज किती जणांना सांगता येतील?

विसरणे हा मनुष्याचा स्वभाव आहे. नवे आले की जुने मागे पडते. पण जुन्याला जोखताना आपण नव्याचेच माप वापरू लागलो, तर जुन्या माणसांवर नकळत अन्याय होतो. खेळाच्या जगात असा अन्याय पुष्कळदा घडतो. अमेरिकेतील बास्केटबॉलच्या दोन जुन्या खेळाडूंची कथा या दृष्टीने ऐकण्यासारखी आहे.

बास्केटबॉलचा जन्म अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड या गावी झाला. तेथील एका शिक्षणसंस्थेत जेम्स नेस्मिथ नावाचे शारीरिक शिक्षणाचे अध्यापक होते. कडाक्याच्या हिवाळ्यात मुलांना बाहेर खेळता येईना, तेव्हा १८९१ च्या डिसेंबरात त्यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या व त्यांत चेंडू टाकण्याचा खेळ मुलांना शिकवला. टोपलीवरूनच या खेळाला नाव मिळाले. पुढे टोपलीच्या जागी लोखंडी कडे आले, कड्याला जाळी लागली, त्याच्यामागे फळी आली आणि खेळ देशोदेशी पसरला. १९४६ साली अमेरिकेत धंदेवाईक संघांची एक संघटना स्थापन झाली. तिलाच १९४९ साली 'नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन' हे नाव मिळाले.

आज या संघटनेचे खेळाडू जगभर ओळखले जातात. त्यांना अपार द्रव्य मिळते, त्यांच्याबरोबर वैद्य व शिक्षक असतात, आणि त्यांच्या प्रत्येक हालचालीचे चित्रण होते. पहिल्या पिढीची स्थिती अगदी निराळी होती. वेतन बेताचे असल्यामुळे अनेक खेळाडू उन्हाळ्यात दुसरी नोकरी करून संसार चालवीत. फार थोड्या सामन्यांचे चित्रण होई, आणि जे झाले त्यातले पुष्कळसे पुढे जतन केले गेले नाही. लांबून टाकलेल्या चेंडूस तीन गुण देण्याचा नियम या संघटनेत १९७९-८० च्या हंगामापासून आला. त्यापूर्वी कितीही दुरून चेंडू टाकला, तरी पदरात दोनच गुण पडत. प्रतिपक्षाने कड्याकडे फेकलेला चेंडू कोणी किती वेळा अडवला किंवा हातचा चेंडू कोणी किती वेळा हिरावला, याची मोजदाद तर १९७३-७४ पर्यंत होतच नव्हती. तेव्हा आजच्या खेळाडूच्या शेजारी जुन्या खेळाडूचे आकडे मांडले, म्हणजे जुना खेळाडू साहजिकच उणा भासतो. त्याने केलेले निम्मे काम वहीत उतरलेलेच नसते!

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आरंभीची काही वर्षे या संघटनेच्या संघांत कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. १९५० साली चक कूपर, नॅट क्लिफ्टन आणि अर्ल लॉइड या तिघांनी हे बंद दार उघडले. त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबर रोजी अर्ल लॉइड प्रत्यक्ष सामन्यात उतरला, आणि संघटनेच्या इतिहासातील तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. दार उघडले, तरी बाहेरच्या जगातील भेदभाव संपला नव्हता. दक्षिणेकडील अनेक राज्यांत शाळा, उपाहारगृहे आणि वाहनांतील जागासुद्धा कातडीच्या रंगावरून वेगळ्या ठेवलेल्या असत. आपली कथा याच काळातली आहे.

मॉरिस स्टोक्स याचा जन्म १९३३ साली पेन्सिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्ग या पोलादाच्या शहराजवळील रँकिन गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. त्याहून एका वर्षाने लहान असलेला जॅक ट्वायमन हा गौरवर्णीय मुलगा याच पिट्सबर्ग शहरात वाढला. शाळेच्या संघात स्थान मिळवण्याचे ट्वायमनचे प्रयत्न एकदा नव्हे, तीनदा फसले. तरी त्याने सराव सोडला नाही, आणि शेवटच्या वर्षी त्याला संघात जागा मिळाली. पुढे स्टोक्स लॉरेटो येथील सेंट फ्रान्सिस महाविद्यालयात आणि ट्वायमन सिनसिनाटी विद्यापीठात शिकला. १९५५ साली रॉचेस्टर शहराच्या 'रॉयल्स' संघाने दोघांचीही निवड केली, आणि दोन वाटांनी चाललेले दोन तरुण एका संघाचे सवंगडी झाले.

स्टोक्सची उंची सहा फूट सात इंच होती व शरीर भरभक्कम होते. असा धिप्पाड खेळाडू कड्याखाली पाय रोवून उभा राहील, अशीच कोणाचीही अपेक्षा असे. परंतु स्टोक्स चेंडू आपटीत वाऱ्यासारखा मैदानभर धावे, आणि नेमक्या क्षणी सवंगड्याच्या हाती तो अलगद सोपवी. फळीवरून अथवा कड्यावरून उसळलेला चेंडू झेलून ताब्यात घेणे, याला या खेळात 'रिबाउंड' म्हणतात. हे काम बळाचे व उंचीचे. चेंडू पुरवून सवंगड्याकरवी गुण मिळवणे, याला 'असिस्ट' म्हणतात. हे काम चपळाईचे व नजरेचे. ही दोन्ही कामे सारख्याच सहजतेने करणारा खेळाडू त्या काळी विरळा होता. आपल्या पहिल्याच सामन्यात न्यूयॉर्कच्या संघाविरुद्ध स्टोक्सने ३२ गुण मिळवले, २० रिबाउंड घेतले आणि ८ असिस्ट केले. त्या हंगामातील सर्वोत्तम नवोदित खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला. दुसऱ्या हंगामात त्याने १,२५६ रिबाउंड घेऊन संघटनेचा नवा उच्चांक प्रस्थापित केला. त्याच्या तीन हंगामांत मिळून त्याने ३,४९२ रिबाउंड घेतले, आणि तेवढ्या अवधीत त्याच्यापेक्षा अधिक रिबाउंड दुसऱ्या कोणीही घेतले नाहीत. त्याच तीन वर्षांत असिस्टच्या मोजणीत बॉस्टनचा प्रख्यात खेळाडू बॉब कूझी याच्या खालोखाल स्टोक्सचे नाव होते. बळात पहिला आणि चातुर्यात दुसरा, अशी त्याची योग्यता होती.

१९५७ साली रॉयल्स संघ रॉचेस्टर सोडून सिनसिनाटी शहरात आला. १२ मार्च १९५८ रोजी हंगामातील शेवटचा साखळी सामना मिनीआपोलिस येथे होता. कड्याकडे झेप घेताना स्टोक्स खाली कोसळला, त्याचे डोके जमिनीवर आदळले, आणि तो बेशुद्ध पडला. त्याला शुद्धीवर आणण्यात आले व तो पुन्हा खेळू लागला. डोक्याला मार बसल्यावर खेळाडूने ताबडतोब खेळ थांबवावा व वैद्याने त्याची कसून तपासणी करावी, हा आजचा दंडक त्या वेळी नव्हता. तीन दिवसांनी डेट्रॉइट येथे बाद फेरीचा सामना झाला. त्यातही स्टोक्सने १२ गुण मिळवले व १५ रिबाउंड घेतले. सामना संपवून संघ विमानाने सिनसिनाटीला परत निघाला, आणि त्या प्रवासातच स्टोक्सची प्रकृती एकाएकी बिघडली. त्याला झटके येऊ लागले व त्याची शुद्ध हरपली. कित्येक दिवसांनी त्याने डोळे उघडले तेव्हा त्याचे सर्वांग लुळे पडले होते. बुद्धी शाबूत होती, समोरचे दिसत होते, बोललेले कळत होते, पण हात उचलत नव्हता आणि जिभेला शब्द फुटत नव्हता. वयाच्या चोविसाव्या वर्षी, केवळ तीन हंगाम खेळून, त्याचा खेळ संपला.

दुःखाच्या मागोमाग अडचणी आल्या. रुग्णालयाचा खर्च अफाट होता. खेळाडूच्या आजारपणाची तरतूद संघाने करावी अशी व्यवस्था तेव्हा नव्हती, आणि संघाकडून मिळणारे वेतनही थांबले. बँकेत स्टोक्सची थोडी शिल्लक होती, परंतु सही करण्यास हात चालत नसल्यामुळे स्वतःचे पैसेही त्याला काढता येईनात. आईवडील दूर पिट्सबर्ग भागात राहत होते. हंगाम संपल्यामुळे संघातील इतर खेळाडू आपापल्या गावी पांगले. सिनसिनाटीत राहणारा ट्वायमन तेवढा जवळ होता.

ट्वायमन त्या वेळी अवघा तेवीस-चोवीस वर्षांचा. त्याला स्वतःचा संसार होता. स्टोक्सशी त्याचे रक्ताचे नाते नव्हते. दोघांच्या वर्णांत जो भेद होता, त्या भेदापायी माणसे एका बाकावर बसण्यासही कचरत असत, असा तो काळ होता. तरीही ट्वायमन न्यायालयात गेला आणि त्याने आपल्याहून वयाने वडील असलेल्या या मित्राचे कायदेशीर पालकत्व स्वीकारले. पत्नी कॅरोल हिनेही या कामी त्याला मनापासून साथ दिली.

पालकत्व घेणे हे एका दिवसाचे काम. ते निभावणे हे वर्षानुवर्षांचे. कामावर असताना जखमी झालेल्या कामगाराला जी नुकसानभरपाई मिळते, ती स्टोक्सलाही मिळाली पाहिजे, असा दावा ट्वायमनने लावला व तो जिंकला. खेळाडू हादेखील कष्टाने पोट भरणारा कामगारच आहे, हे त्याने मान्य करवून घेतले. परंतु तेवढ्याने भागण्यासारखे नव्हते. मग त्याने नामवंत खेळाडूंना एकत्र आणून मदतीसाठी सामना भरवण्याची योजना आखली. न्यूयॉर्क राज्यातील मॉन्टिसेलो गावाजवळ, कुत्शर कुटुंबाच्या विश्रामस्थानी, १९५८ पासून हा सामना दर उन्हाळ्यात होऊ लागला. हंगामात एकमेकांशी हिरिरीने झुंजणारे खेळाडू तेथे एका मित्रासाठी खेळत. विल्ट चेंबरलेनसारखा महान खेळाडूही त्यांत असे.

इकडे रुग्णालयात दोघा मित्रांनी बोलण्याची एक नवी रीत शोधून काढली. ट्वायमन एकेक मूळाक्षर क्रमाने उच्चारी. हवे ते अक्षर आले की स्टोक्स पापणी मिटी. अक्षराला अक्षर जोडून शब्द होई, शब्दाला शब्द जोडून वाक्य होई. एवढेसे वाक्य बोलण्यास केवढा वेळ लागत असेल आणि ऐकणाऱ्यास किती धीर धरावा लागत असेल, याची कल्पना करून पाहा! ट्वायमनला दिवसा सराव, रात्री सामने, शिवाय उन्हाळ्यात विम्याचे काम, आणि या सर्वांतून वेळ काढून मित्राच्या उशाशी बसून पापण्यांची भाषा वाचणे. स्टोक्सचा धीरही काही कमी नव्हता. दिवसेंदिवस व्यायाम करून, तीव्र वेदना सोसून त्याने बोटांत थोडी हालचाल परत आणली. काही वर्षांनी त्याला टंकलेखन यंत्राची एकेक कळ दाबता येऊ लागली. त्याने पहिले पत्र लिहिले ते जॅकला. तुझे आभार मी कसे मानू, एवढाच त्यात प्रश्न होता.

या सर्व काळात ट्वायमनचा स्वतःचा खेळ मागे पडला असेल, असे कोणासही वाटेल. तसे झाले नाही. १९५९-६० च्या हंगामात त्याने दर सामन्यास सरासरी ३१.२ गुण मिळवले. त्याच हंगामात विल्ट चेंबरलेन व जॅक ट्वायमन या दोघांनी तीस गुणांच्या सरासरीची मर्यादा संघटनेच्या इतिहासात प्रथमच ओलांडली. अकरा हंगामांत त्याने १५,८४० गुण मिळवले, आणि १९६६ साली तो निवृत्त झाला. एवढे असूनही आज थोर नेमबाजांची नावे घेताना चेंबरलेनचे नाव प्रत्येकाच्या ओठी येते आणि ट्वायमनचे क्वचितच कोणाला आठवते.

६ एप्रिल १९७० रोजी हृदयविकाराने स्टोक्सचा अंत झाला. तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. बारा वर्षे ट्वायमनने त्याचा हात सोडला नाही. स्टोक्सच्या इच्छेप्रमाणे त्याचे दफन लॉरेटो येथे, त्याच्या जुन्या महाविद्यालयाच्या परिसरात करण्यात आले. आपण काही विशेष केले असे ट्वायमनला कधीच वाटले नाही. काही तरी करणे अवश्य होते, ते कोणी तरी करायला हवे होते, आणि त्या वेळी आपणच तेथे होतो, एवढेच तो सांगत असे.

मित्राच्या मृत्यूनंतरही एक काम राहिले होते. थोर खेळाडूंची स्मृती जपणारे एक कीर्तिमंदिर स्प्रिंगफील्ड येथे आहे. ट्वायमनला त्यात १९८३ साली स्थान मिळाले. स्टोक्सला मात्र ते मिळत नव्हते. तो केवळ तीन हंगाम खेळला होता. इतरांच्या दहा-बारा हंगामांच्या बेरजेपुढे त्याची बेरीज लहान दिसे. त्याचा खेळ प्रत्यक्ष पाहिलेली माणसेही एकेक करून कमी होत चालली होती. पण वृद्धत्वाकडे झुकलेला ट्वायमन सांगतच राहिला की, मॉरिस किती वर्षे खेळला एवढेच पाहू नका. तो कसा खेळला तेही पाहा. अखेर २००४ साली, मृत्यूनंतर ३४ वर्षांनी, स्टोक्सचे नाव कीर्तिमंदिरात कोरले गेले. त्याच्या वतीने तो सन्मान स्वीकारण्यास ट्वायमन उभा होता. २०१२ साली ट्वायमनही हे जग सोडून गेला.

पुढच्याच वर्षी, २०१३ साली, संघटनेने एक नवे पारितोषिक सुरू केले. उत्तम सवंगडी ठरलेल्या खेळाडूला ते दरवर्षी दिले जाते. त्याची निवड खेळाडूच मत देऊन करतात, आणि निवडताना गुणांची बेरीज पाहिली जात नाही. या पारितोषिकास ट्वायमन आणि स्टोक्स या दोघांचे जोडनाव दिलेले आहे. मैदानावर एकत्र आलेली ती दोन नावे अशा रीतीने कायमची एकत्र राहिली.

मराठी भाषेत 'गुण' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. सामन्यात मिळतात तेही गुण, आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुण! पहिल्या प्रकारचे गुण वहीत लिहिता येतात. दुसऱ्या प्रकारच्या गुणांना तेथे रकाना नसतो. स्टोक्सने सवंगड्याला दिलेला चेंडू निदान असिस्ट म्हणून मोजला गेला. ट्वायमनने बारा वर्षे जे दिले, ते कोणत्या रकान्यात मांडावे?

तुम्ही जेव्हा एखाद्या जुन्या खेळाडूविषयी वाचाल, मग तो बास्केटबॉलचा असो, हॉकीचा असो वा कबड्डीचा, तेव्हा त्याच्या नावापुढील आकडा पाहून थांबू नका. तो कोणत्या नियमांखाली खेळला, त्याच्याजवळ साधने कोणती होती, त्याच्या वाटेत कोणते अडथळे होते, आणि त्याच्यामुळे दुसऱ्या कोणाचा खेळ फुलला, हे प्रश्न अवश्य विचारा. ज्याला आपण उणा समजत होतो, तो कदाचित आपल्या कल्पनेहून फार मोठा असल्याचे दिसून येईल. आणि उद्या तुमच्या मैदानावर विजयाचा गुण मिळाला, म्हणजे वीराला खांद्यावर जरूर घ्या. पण ज्याने चेंडू पुरवला त्याच्याकडेही एकदा वळून पाहा.

स्वाध्याय

१. जुन्या खेळाडूंचे आकडे आजच्या खेळाडूंच्या आकड्यांपेक्षा उणे का दिसतात? पाठाच्या आधारे दोन कारणे सांगा.

२. 'बळात पहिला आणि चातुर्यात दुसरा' असे स्टोक्सविषयी का म्हटले आहे?

३. स्टोक्सचे पालकत्व स्वीकारल्यावर ट्वायमनने त्याच्यासाठी कोणकोणती कामे केली?

४. स्टोक्सचे नाव कीर्तिमंदिरात येण्यास इतका विलंब का लागला? तुमच्या मते तो योग्य होता काय? सकारण लिहा.

५. 'गुण' या शब्दाचे पाठात आलेले दोन अर्थ सांगा. याचप्रमाणे 'माप', 'हात' आणि 'अंग' या शब्दांचे प्रत्येकी दोन अर्थ वाक्यांत उपयोग करून दाखवा.

६. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : रंगात येणे, पाय रोवून उभे राहणे, साथ देणे, पदरात पडणे.

७. तुमच्या गावातील किंवा शाळेतील एखाद्या जुन्या खेळाडूची भेट घ्या. त्यांच्या काळी खेळाचे नियम, साधने व मैदान कसे होते, ते विचारून पंधरा ओळींत माहिती लिहा.